मामाच्या नव्या गाडीवरची काठी

ताईच्या लग्नाला आम्ही मुहूर्ताच्या पाऊण तास आधी पोहोचलो, आणि तरीही मुहूर्त चुकायची वेळ आली. याला जबाबदार एक अँटिना, एक टॉवेल, वीस हात दोरी आणि मी. यातल्या पहिल्या तिघांना बोलता येत नाही, त्यामुळे मुख्य दोष कोणाचा हे सांगायला नको.

सुरुवात बाबांपासून झाली. बाबांची मालवणात मासेमारीची बोट आहे. बोटीवर नवा वायरलेस आल्यावर जुने दोन सीबी रेडिओ, म्हणजे एका बोटीवरून दुसरीशी बोलायचे सेट, घरी आले आणि माळ्यावर पडून राहिले. बाबांना ते बघवत नव्हतं. त्यात ताईचं लग्न ठरलं दोडामार्गच्या पलीकडच्या एका गावात. शेवटचा रस्ता सगळा रानातून, काजू-रबराच्या बागांतून. मोबाईलला रेंज नाही. गेल्या वर्षी आमच्या वाडीतल्या एका नवरीची गाडी त्याच रस्त्यावर वाट चुकून थेट गोव्यात गेली होती. (नवरीला गोवा आवडला म्हणतात. पण तो वेगळा विषय.)

"बोटी धा मैलांर असल्या तरी एकमेकांक सोडणत नाय," बाबा म्हणाले. "मग गाडी कशी चुकतली? एक सेट माझ्या टेम्पोत, एक नवरीच्या गाडयेत. झाला काम!"

सेटला टपावर अँटिना लागतो. टेम्पोचा प्रश्न नव्हता. बाबांचा टेम्पो मासळीचा. त्याच्या टपावर काहीही बसवा, तो काही म्हणत नाही. मासळी विकायचा भोंगाही त्यावर होताच. इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून बाबांनी रेडिओ सरळ त्या भोंग्यालाच जोडला. प्रश्न होता नवरीच्या गाडीचा, कारण ती मामाची होती. पांढरी, आठ दिवसांपूर्वी घेतलेली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली.

आणि मामाला दुखवून चालणार नव्हतं. आमच्याकडे लग्नात नवरीला बोहल्यावर मामाच आणतो. तो रुसला की लग्न थांबतं. आमचा मामा तर रुसण्यात तयार माणूस. आत्याच्या लग्नात त्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं, तेव्हा तो सहा वर्षं आमच्याकडे जेवला नव्हता. म्हणून आईने मला बाजूला घेऊन बजावलं, "मामाच्या गाडयेक ओरखडो येता नये. तुझ्यार सोपवलंय. तू बघतस सगळा, तुझा लक्ष असता."

हे मात्र खरं आहे. माझं लक्ष असतं. मी सगळं बघते. फक्त सांगत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला अंगणात बारा माणसं मामाच्या गाडीभोवती जमली. नवा अँटिना खोक्यातून बाहेर निघाला : पुरुषभर उंच लवलवती काठी आणि तिच्या बुडाला बशीएवढं चुंबक.

"टपाक भोक पाडूचा नाय," मामा म्हणाला. "आधीच सांगतंय भावोजी."

"भोक नाय ओ मेवण्यानू, चुंबक आसा. नुसता ठेवला काय बसला."

"चुंबक? नव्या पेंटार?" मामाने गाडीवर असा हात ठेवला की जणू तिला इंजेक्शनच द्यायला निघालेत.

खोक्यात इंग्रजी माहितीपुस्तिका होती. बारा माणसांनी माझ्याकडे बघितलं.

"पंधरा वर्सां इंग्लिश मिडियमात घातलंय तुका," बाबा म्हणाले. "वाच."

मी वाचली. इंग्रजी मला येतं. पण त्या पुस्तिकेतलं इंग्रजी माझ्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. पहिल्या तीन पानांतले मला 'आणि' आणि 'किंवा' एवढेच शब्द खात्रीने समजले. सगळे वाट बघत होते म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "ग्राउंड चांगलं पाहिजे, असं लिहिलंय."

सदूकाकांनी खाली बघितलं. सदूकाका बाबांच्या बोटीचे तांडेल. तीस वर्षं बोट हाकतायत. "ग्राउंड आसा मगे," ते म्हणाले. "गाडी काय हवेत उभी आसा?"

पुढच्या पानावर ठळक अक्षरांत एक वाक्य मात्र मला स्वच्छ समजलं : चुंबक आणि टप यांच्यामध्ये काहीही ठेवू नये. मी मान वर करेपर्यंत मामीने चौघडी घातलेला जाड टॉवेल टपावर अंथरला होता, आणि मामा त्याच्या कडा सारख्या करत होता.

"मामा, इथे लिहिलंय की..."

"लिवणाऱ्याची गाडी जुनी असतली!"

विषय संपला. टॉवेलावर चुंबक ठेवलं, बाबांनी गाडी दहा पावलं पुढे घ्यायला लावली, आणि काठीने पुजाऱ्यासारखा वाकून नमस्कार केला. ती पडायच्या आत बाबांनी झेलली.

तोवर साडेसात वाजत आले होते. साडेसातच्या आत निघायचं, असं भटजींनी सांगितलेलं. ताई शालू नेसून मागच्या सीटवर बसलीसुद्धा होती, शेजारी मी, पुढे मामी, स्टिअरिंगवर मामा. मागे डिकीत मामीने केलेलं रुखवत, कारण मासळीच्या टेम्पोत रुखवत ठेवायला मामी तयार नव्हती. (टेम्पो तीन वेळा फिनेलने धुतला होता. त्यामुळे त्याला आता बांगड्याचा आणि दवाखान्याचा असा मिळून एक वास येत होता.)

"दोरी हाडा," सदूकाकांनी कोणालातरी दोरी आणायला पिटाळलं. "वादळात डोलकाठी बांधून ठेवतंय मी. ही तर काडी!"

"थांबा, आमी उतरताव," मामी म्हणाली.

"उतरूचा नाय!" बाबा ओरडले. "नवरी एकदा गाडयेत बसली काय परत उतरवूची नाय. अपशकून होता."

मग काय, आम्ही बसल्या जागीच बांधकाम सुरू झालं. "मान खाली घाल गो बाय," म्हणत सदूकाकांनी दोरी माझ्या खिडकीतून आत घातली, आमच्या डोक्यावरून ताईच्या खिडकीतून बाहेर काढली, टपावरून परत आणली, काठीच्या बुडाला वेढा, पुन्हा आत. तसंच पुढच्या खिडक्यांतून. मग टपावर गुडघा टेकून (टॉवेलावर! मामाने खात्री करून घेतली) त्यांनी दोरी अशी आवळली की गाडीच जरा अंग चोरून बसली.

"ही गाठ वाऱ्यान सुटाची नाय, पाण्यान सुटाची नाय," ते खाली उतरत म्हणाले. "हलवून बघा."

बाबांनी हलवून बघितलं. काठी हलली नाही, गाडी हलली.

मी डोक्यावरच्या दोरीकडे बघत होते. ती एका खिडकीतून येत होती आणि दुसऱ्या खिडकीतून जात होती. मग मी दाराकडे बघितलं. मनात काहीतरी आलं, पण नीट आलं नाही. बाहेर बारा माणसं उभी होती, सगळी माझ्यापेक्षा मोठी. त्यांतल्या दोघांनी भर समुद्रात वादळं काढलेली. त्यांच्या लक्षात आलं असेलच. आणि नसेल, तर बारा माणसांसमोर मी बोलणार का? मी साडीची पिन नीट केली.

आम्ही निघालो.

रेडिओ माझ्या मांडीवर होता. त्यावर 'ओव्हर', 'रॉजर' असं बोलावं लागतं, म्हणून तो इंग्लिश मिडियमकडे. म्हणजे माझ्यासारख्या मुलीकडे, जी फोन आला तर वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसते.

"मामाची गाडी, मामाची गाडी! बाय, आयकतस? ओव्हर!" आई आणि सदूकाकांना घेऊन पुढे निघालेल्या टेम्पोतून बाबा.

मी बटण दाबून "हो" म्हटलं.

"कोणतरी नुसतो श्वास घेता," बाबा म्हणाले. "कोण आसा? ओव्हर!"

"मोठ्यान बोल गो!" मामा म्हणाला. "बापूस काय चावता तुका?"

तेवढ्यात तिसराच आवाज आला. कुठल्यातरी बोटीवर अजून जुना सेट होता. "लग्नाक चललास काय रे? जेवणाक काय आसा?"

बाबांनी काजूच्या उसळीपासून सोलकढीपर्यंत सगळं सांगितलं. समुद्रातून "बरा, बरा" असं आलं. नवरीची चौकशी कोणीच केली नाही.

गाडीत मात्र हाल सुरू झाले होते. दोरीमुळे चारही काचा पूर्ण वर जात नव्हत्या. मामाचा एसी तालुक्यात सगळ्यात गार, असं तो गेले आठ दिवस सांगत होता. तो आता महामार्ग गार करत होता. ताईचा मेकअप मानेकडे निघाला होता. मामी रुमालाने तिचा घाम टिपून रुमाल वाळत घालायला डोक्यावरच्या दोरीचा उपयोग करत होती. "बरी सोय झाली," ती म्हणाली.

कसालच्या बाजारात गजरे घ्यायला थांबलो. मामी म्हणाली, "उतरून घेतंय."

"उतरूचा नाय, वेळ नाय. खिडकीतसून घे," मामा म्हणाला.

आणि मला कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. मी कोणाला दिसणार नाही असं दाराचं हँडल ओढलं. आत 'खट्' झालं. खांद्याने जरा ढकललं. दार भिंतीसारखं. मी पुन्हा दोरीकडे बघितलं. होडीला सगळं असतं, दारं नसतात. बांधणाऱ्याला दारं आठवायचं कारणच नव्हतं!

"मामा..." मी म्हटलं.

"काय गो?"

आरशात मामाचे डोळे दिसले. मी त्याला आता सांगणार की तुझी आठ दिवसांची गाडी पेटीसारखी बांधलेली आहे? कदाचित माझंच चुकत असेल. कदाचित दार लॉक असेल. नव्या गाड्यांचं मला काय कळतं!

"काही नाही," मी म्हटलं.

मग बाबांना सांगावं म्हणून बटण दाबून अगदी हळू बोलले, "बाबा, ते दारं..." पुढे उभ्या टेम्पोच्या भोंग्यातून एक लांब सुस्कारा कसालच्या भर बाजारात पसरला. कोथिंबीर घेणाऱ्या चार बायका वळून बघायला लागल्या. मी बटण सोडलं. पोहोचल्यावर बाबा बघतीलच, असं मी स्वतःला सांगितलं. हे मी पुढचा दीड तास सांगत राहिले.

पोहोचलो. आणि बाबा बघायला नव्हतेच! सामान उतरवायचं म्हणून टेम्पो मंडपाच्या मागे, स्वयंपाकाकडे गेला. आम्ही पुढच्या कमानीत. समोर बँड, आरतीची ताटं घेतलेल्या बायका, नवऱ्याचे वडील, आणि मागे तीनेकशे माणसं.

"उतर गो," मामा ताईला म्हणाला आणि स्वतःचं हँडल ओढलं. दार उघडलं नाही. पुन्हा ओढलं. मग खांदा लावला.

"मामा, दोरी..." मी म्हटलं.

"थांब गो. सेन्सर आसा ह्येका. गर्दी बघून लॉक झाली." त्याने रिमोट दाबला. गाडी किंचाळायला लागली. बँडवाल्यांना वाटलं हीच खूण. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

"मामा, ती दोरी..."

"सेन्सर बघतंय ना मी!"

बाहेर ताटं धरून बायकांचे हात भरून आले. पाच मिनिटं झाली. बाहेरच्यांना दिसत काय होतं? नवरीचा मामा लालबुंद होऊन गाडीत बसलाय आणि उतरत नाही. आमच्या मुलखात याचा एकच अर्थ होतो. नवऱ्याच्या वडिलांनी शेजारच्या माणसाला विचारलेलं मला खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं, "मामा रुसलो काय रे?"

"आमचा कायतरी चुकला असतला," तो म्हणाला.

लगेच नारळ आला. नवऱ्याचे वडील खिडकीशी वाकले. मामाने काच खाली घेतली.

"पावण्यांनू, राग मानू नका. उतरा."

मामा गोंधळला. पण नारळ कोणी दिला तर आमचा मामा नाही म्हणत नाही. त्याने तो घेतला, "बरी माणसां आसत," असं मामीला म्हणाला आणि पुन्हा बटणं दाबायला लागला.

बाहेर कुजबुज वाढली. नारळाने भागलं नाही! मग टॉवेल-टोपी आली. मामाने टोपी घातली. उतरला नाही. मग आतून फेटा आणला, जो खरं तर नवऱ्याच्या मामासाठी होता. मामाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्यांनी टोपीवरच फेटा बांधला. (आता खिडकीतून बाहेर पडणं त्याला आणखीच अशक्य झालं. तसं ते पोटामुळे आधीपासूनच होतं.)

"अजून उतरणा नाय!" मागून कोणीतरी म्हणालं. "काय सोन्याची साखळी व्हयी काय तेका?"

नवऱ्याच्या वडिलांचा चेहरा बदलला. "आता काय व्हया ता एकदाच सांगा," ते मामाला म्हणाले. "मुहूर्ताक बारा मिनिटां आसत. असा दाराशी बसून अडवूचा असला तर आमकाव मान आसा."

"मी खंय अडवतंय?" मामा ओरडला. "गाडी अडवता!"

"गाडी?"

ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. काजळाचा एक ओघळ निघाला आणि हळूहळू हनुवटीकडे जायला लागला. ती माझा हात धरून म्हणाली, "लग्न मोडतला गो माझा."

मी तिच्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, बाहेरच्या तीनशे डोक्यांकडे बघितलं. मग डोळे मिटले, रेडिओचं बटण दाबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले :

"बाबा! सुरी घेऊन या! मामा गाडयेतून जिवंत भायर येऊचो नाय!"

'जिवंत' हा शब्द कुठून आला ते मला आजही माहीत नाही.

मंडपामागच्या भोंग्यातून हे वाक्य स्वयंपाकघर, मंडप आणि शेजारच्या शाळेचं मैदान एवढ्या भागात ऐकू गेलं. बँड बंद पडला. आरतीचं एक ताट खाली पडलं. आणि मंडपाच्या मागून, पापलेट कापायची लांब सुरी घेऊन बाबा धावत आले, त्यांच्या मागे सदूकाका, त्यांच्या मागे आई. नवऱ्याकडचे लोक दोन्ही बाजूंना सरकले. नवऱ्याचे वडील म्हणाले, "आमी फेटो दिलो ओ! फेटो दिलो!"

"दोरी," मी म्हटलं. आता आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता, पण तेवढ्या शांततेत तोही ऐकू गेला. "दारं बांधली आहेत."

सगळ्यांनी दोरीकडे बघितलं. मामाने डोक्यावर बघितलं. तिथे मामीचे तीन रुमाल वाळत होते.

"होडयेक दरवाजे नसतत," सदूकाका हळूच म्हणाले.

"कापतंय!" बाबा म्हणाले. "कापू नको, गाठ सोडतंय," सदूकाका म्हणाले, "नवी दोरी आसा!" पण सुरी चालली. दोरी 'फट्' करून सुटली, जवळजवळ तीन तास ताणलेली काठी टॉवेलावरून निसटली, हवेत एक फेरी घेऊन बॉनेटवर आली, आणि तिथे मात्र मध्ये काहीही नसल्यामुळे चुंबक पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे उत्तम चिकटलं. टण्ण!

चारही दारं उघडली. ताई उतरली. बायकांनी तिचं काजळ पुसलं, ओवाळलं, आत नेलं. मामा उतरला, बॉनेटसमोर गेला, चुंबक ओढून काढलं. खाली बशीएवढा खोलगट खड्डा होता.

मामाने फेटा सारखा केला, परत गाडीत बसला आणि दार लावून घेतलं.

"मी येणंय नाय," तो म्हणाला.

तो आता खरोखर रुसला होता! आणि नवऱ्याकडच्यांकडे द्यायला काहीही उरलं नव्हतं. नारळ, टॉवेल, टोपी, फेटा, सगळं त्याच्याच अंगावर होतं. नवऱ्याचे वडील बाबांना म्हणाले, "ह्यो माणूस दारा बंद असताना उतरणा नाय, उघडी असताना उतरणा नाय. करूचा काय?"

सात मिनिटं उरली. आईने मला पुढे ढकललं. "तुझ्यार सोपवली होती ना गाडी? जा."

मी खिडकीशी गेले. मामा समोर बघत होता.

"कोणाच्याच लक्षात येऊक नाय?" तो म्हणाला. "एवढी माणसां होती. एकाच्याव?"

खोटं बोलायला वेळ लागतो, आणि तो नव्हता. "माझ्या आलं होतं," मी म्हटलं.

"कधी?"

"कसालला."

मामाने हळूहळू मान वळवली. "कसालाक?"

"म्हणजे थोडंसं अंगणातच. पण नक्की कसालला."

मामाने दार उघडलं. मला वाटलं आता आपली धडगत नाही. पण तो माझ्याशी बोललाच नाही. एवढी मोठी तक्रार एकट्या माझ्यावर वाया घालवायची त्याची तयारी नव्हती. तो माझ्या बाजूने पुढे मंडपात शिरला. "आयकलात काय?" त्याने पहिल्या खुर्चीवाल्याला गाठलं. "हिका कसालापासून म्हायत होता!" दुसऱ्याला सांगितलं. भटजींना सांगितलं. आईला शोधत, सांगत सांगत तो बोहल्यावर चढला. आई ताईच्या मागे उभी होती. तिला अथपासून सांगता सांगता त्याचा हात आपोआप ताईच्या खांद्यावर गेला, भटजींनी संधी साधली, आणि मंगलाष्टकं सुरू झाली. मुहूर्त गाठला. मामाची गोष्ट तेव्हा बांद्यापर्यंत आली होती.

बॉनेट नंतर दुरुस्त झालं. मामा आमच्याकडे जेवतोही. परवा तो आला होता. निघताना गाडी मागे घेताना खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मागे काय आसा तर ताबडतोब सांग गो! मोठ्यान!"

मागे पाण्याची सिमेंटची टाकी होती. मी बघितली. आता पूर्वीची मी राहिलेली नाही. मी अगदी ताबडतोब, गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. आवाज चांगलाच सुधारलाय, असं शेजारीसुद्धा म्हणाले. फक्त त्यांना तो धडकेच्या नंतर ऐकू आला.